पॉलिमर क्लेचा स्टिच मार्कर पुन्हा पुन्हा तुटतो? आधी तुटलेली कड पाहा

स्टिच मार्कर म्हणजे विणताना टाक्यांची जागा लक्षात राहावी म्हणून सुईवर किंवा टाक्यात अडकवायची लोंबती खूण. भरताच्या वांग्याच्या आकाराचा मार्कर जमून येतो, देठही हिरवागार होतो. मग स्वेटरच्या पाठीच्या तिसाव्या-चाळिसाव्या ओळीला सुई सरकवताना देठाजवळून टुकडा पडतो. दुसरं वांगं करावं, तर तेही दोन आठवड्यांत तसंच तुटतं. अशा वेळी बहुतेक जण आकार बदलतात, जाडी वाढवतात किंवा वरून वार्निशचे हात देतात. दोष तिथे नसतो, म्हणून तुटणंही थांबत नाही.

तुटलेला मार्कर फेकू नका. तुटलेली कड उजेडात धरून नखाने खरवडा.

कड भुरभुरीत असेल आणि खडूसारखी भुकटी निघत असेल, तर क्ले आतून एकजीवच झालेली नाही. कड गुळगुळीत आणि पापुद्र्यासारखी सुटलेली असेल, तर मळताना थरांमध्ये हवा राहिली आहे. क्ले चिवट आहे, नखाला दाद देत नाही, पण फुटलीय फक्त तारेच्या भोकाजवळ, तर भाजणी ठीक आहे आणि जोडणी चुकली आहे. खानदेशात सगळ्यात जास्त आढळतो तो पहिला प्रकार. त्याची कारणं दोन आहेत, एकमेकांच्या अगदी उलट, आणि म्हणूनच उपाय करताना गोंधळ होतो.

भुरभुरीत कड: उष्णता आधी लागली की नंतर कमी पडली?

नावात क्ले असली तरी यात माती नसते. पीव्हीसीची अतिबारीक पूड, तिला मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर, थोडं भरण आणि रंग, एवढंच. ओव्हनच्या उष्णतेत ही पूड प्लॅस्टिसायझर शोषते, फुगते आणि कण एकमेकांत मिसळून सलग प्लॅस्टिक तयार होतं. इथे काहीही ‘वाळत’ नाही. चार दिवस उन्हात ठेवून उपयोग नाही. ठरलेलं तापमान ठरलेला वेळ मिळालं तरच कण जुळतात.

आता एप्रिल-मे आठवा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या खोलीत आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून वर. मुंबई-पुण्याहून मागवलेलं पार्सल अशा गाडीत दोन-तीन दिवस फिरलं, तर पाकिटातच काही कण अर्धवट जुळून बसतात. मळताना अशी क्ले बोटाला बारीक रव्यासारखी लागते, कडा चिरत जातात. तेल घालून ती मऊ होते, आकारही धरते, पण त्या अर्धवट भाजलेल्या कणांची पकड पुढे कधीच नीट बसत नाही.

दुसरं कारण याच्या उलट. क्ले ताजी असते, पण ओव्हनमध्ये तिला पुरेशी उष्णता मिळत नाही. करपेल या भीतीने डायल खाली ठेवला जातो, किंवा दहा मिनिटांत वरून घट्ट दिसलं म्हणून तुकडे बाहेर काढले जातात.

दोन्हींची कड सारखीच दिसते. फरक ओळखायचा तर तोच तुटका मार्कर पाकिटावरच्या तापमानाला, थर्मामीटर ठेवून, ४५ मिनिटं पुन्हा भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना चांगली भाजलेली क्लेही मऊ आणि नाजूक असते, तेव्हा तपासू नका. गार झाल्यावर नखाने खरवडून भुकटी निघत नसेल, तर आधीची भाजणी कमी पडली होती आणि त्या घाण्यातले सगळे मार्कर पुन्हा भाजून वाचवता येतील. अजूनही भुरभुरीत असेल, तर क्ले आधीच उन्हाने खाल्ली आहे. त्या पाकिटाचे मार्कर करू नका. चुरा करून दुसऱ्या चांगल्या क्लेमध्ये ठिपक्यांसाठी वापरता येतो, तेवढाच त्याचा उपयोग.

पुन्हा भाजल्याने क्ले खराब होते हा समज सोडून द्या. तापमान मर्यादेत असेल तर दोनदा, तीनदा भाजलेला तुकडा उलट मजबूतच होतो. वीज गेली तर घाबरण्याचं कारण नाही ते यामुळेच. दार बंद ठेवा, वीज आल्यावर ओव्हन पुन्हा तापवा आणि पूर्ण वेळ पहिल्यापासून मोजा. राहिलेली दहा मिनिटं भरून काढण्याचा हिशेब करू नका.

उन्हाळ्यासाठी सोपी खबरदारी: क्लेची मागणी फेब्रुवारीअखेर उरका. आलेली पाकिटं माळ्यावर ठेवू नका. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डबा घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, माठाशेजारी ठेवला तरी पुरतं. कडक, काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यांना कच्ची क्ले चिकटते आणि ते प्लॅस्टिक विरघळवते. तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेला डबा चालतो.

ओटीजीचा डायल म्हणजे तापमान नव्हे

पाकिटावरचा आकडा आधी वाचा, कारण प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. फिमोवर ११० अंश सेल्सिअस आणि ३० मिनिटं असतात. स्कल्पी प्रिमोवर १३० अंश आणि दर ६ मिमी जाडीला ३० मिनिटं असतात. फिमोच्या तापमानाला प्रिमो भाजली तर ती कच्ची राहते, आणि हे फार वेळा घडतं.

घरगुती ओटीजीमध्ये, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये, खरी अडचण वेगळीच असते. डायल १३० वर असला तरी आत ११० असू शकतं किंवा १५० सुद्धा. लहान ओटीजीत सळ्या तुकड्यांच्या अगदी जवळ असतात, त्या लाल झाल्या की हवेचं तापमान बरोबर असूनही वरचा भाग थेट झळीने करपतो. एकाच मार्करचं टोक तपकिरी आणि पोट कच्चं असं दिसलं, तर हेच कारण. इथे तापमान कमी करणं हा चुकीचा उपाय आहे. झळ अडवायची, तापमान तेच ठेवायचं.

त्यासाठी ओव्हनमध्ये ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्या. या कामात पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर ते महागड्या साच्यांवर घालू नका, यावर घाला. मग:

१. मधल्या किंवा त्याखालच्या जाळीवर घराच्या फरशीचा उरलेला सिरॅमिक टाइलचा तुकडा ठेवा. तो उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे चढउतार कमी होतात.
२. टाइलवर साधा कोरा कागद घाला. थेट टाइलवर ठेवलेल्या मार्करच्या पाठीला चकचकीत डाग पडतात.
३. थर्मामीटर टाइलवर, मार्कर जिथे असतील तिथेच ठेवून ओव्हन रिकामा २० मिनिटं तापवा. आकडा स्थिर झाला की डायलची ती जागा मार्कर पेनने ओव्हनवरच खूण करून ठेवा.
४. मार्कर ठेवा आणि त्यांच्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा तंबू करा. फॉइल क्लेला टेकू देऊ नका.
५. फिमोसाठी किमान ३० मिनिटं. १० मिमी जाडीच्या प्रिमोच्या मण्याला ५० ते ६० मिनिटं द्या.
६. ओव्हन बंद करून दार थोडं उघडं ठेवा आणि तुकडे आतच गार होऊ द्या. जाड तुकडा एकदम पंख्याखाली आणला तर वरून चिरा पडू शकतात.

व्होल्टेज कमी असलं की ओव्हन तापायलाच फार वेळ लागतो. संध्याकाळी असं होत असेल तर भाजणी सकाळी करा. आणि घड्याळ थर्मामीटरने आकडा गाठल्यावर लावा, बटण दाबल्यावर नाही.

प्रत्येक घाण्यात एक पट्टी सोबत भाजा: ५ सेंमी लांब, १ सेंमी रुंद, २ मिमी जाड. गार झाल्यावर ती वाकवा. वाकून परत सरळ झाली तर घाणा पक्का. कट्‌कन मोडली तर कच्चा. मात्र स्कल्पी थ्रीसारख्या काही क्ले पूर्ण भाजूनही पातळ ठिकाणी ठिसूळच राहतात. मार्कर दिवसभर सुईवर आपटत असतो, त्यामुळे या कामाला फिमो, प्रिमो किंवा सर्निटसारखी चिवट क्लेच घ्यावी.

मायक्रोवेव्ह मोडमध्ये हे तुकडे कधीच ठेवू नका. ओव्हनमधून धूर आणि तिखट, नाकाला झोंबणारा वास आला तर क्ले जळते आहे. जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो. ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि मुलाबाळांना घेऊन खोलीबाहेर जा. तुकडे वाचवायला थांबू नका.

आणखी एक: दुकानात नुसती ‘क्ले’ मागितली तर हवेत वाळणारी क्ले, दोन भाग मिसळून घट्ट होणारी इपॉक्सीची क्ले किंवा मुलांची प्लॅस्टिसिन, काहीही हातात येतं. पाकिटावर भाजण्याचं तापमान छापलेलं नसेल तर ती पॉलिमर क्ले नाही, आणि वरचं काहीही तिला लागू नाही.

पापुद्रे, बुडबुडे आणि कापसाचे तंतू

हिवाळ्यात धुळ्याकडे पारा दहाच्या खाली उतरला की क्ले दगडासारखी होते आणि मळताना तुटत राहते. मे महिन्यातली रवाळ क्ले आणि ही थंड क्ले यांत गल्लत करू नका. ही नुसती गारठलेली असते. छोटे तुकडे करून जाड पिशवीत घाला आणि पिशवी अंगाच्या उबेत १५-२० मिनिटं ठेवा. तरी सुटत नसेल तर साधारण ५० ग्रॅमला बेबी ऑइलचे एक-दोन थेंब, त्याहून जास्त नको. गरम पाणी, गॅसची शेगडी, हीटर यांच्या वाटेला जाऊ नका.

पास्ता मशीनने लाटत असाल तर घडीची बाजू आधी रोलरमध्ये द्या. उघडी बाजू आधी दिली की आत हवा कोंडते आणि भाजल्यावर तिथे फुगवटा येतो. अर्धपारदर्शक क्लेमध्ये आत पांढुरक्या चंद्रकोरी दिसतात त्याही अशाच कोंडलेल्या हवेच्या किंवा ओलाव्याच्या. उन्हाळ्यात अति मऊ झालेली क्ले फ्रीजमध्ये दहा मिनिटं ठेवणं ठीक आहे, पण बाहेर काढल्यावर पावसाळ्यात तिच्यावर दव धरतं. ते पुसून, कोरडं झाल्यावरच मळायला घ्या. मऊपणा कायमचा कमी करायचा असेल तर क्लेची पातळ पोळी दोन कोऱ्या कागदांमध्ये दाबून तास-दोन तास ठेवा, जादा प्लॅस्टिसायझर कागद शोषून घेईल.

पांढऱ्या क्लेवर धूळ आणि तंतू हमखास बसतात. कापसाचं बोंड करताना तर लोकर, सुती ओढणी, जिनिंगकडून उडत येणारा कापूस, सगळं तिच्यावरच येतं. रंग फिक्याकडून गडदकडे वापरा, म्हणजे पांढरा आधी आणि लाल-काळा शेवटी. हात ओल्या पुसणीने पुसत राहा. भाजण्याआधी इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तंतू उचला. भाजल्यानंतर दिसले तर ॲसिटोनचा अगदी हलका हात फिरवा. जास्त झाला तर पृष्ठभाग विरघळून खडबडीत होतो.

मार्कर शाबूत, पण तार निघून येते

पॉलिमर क्ले धातूला चिकटत नाही. भाजताना ती तारेला फक्त घट्ट धरते. सरळ आय पिन (एका टोकाला फास असलेली तार) खुपसून भाजली की चार-आठ दिवसांच्या हेलकाव्याने ती सुटते, हे ठरलेलंच. उपाय दोन. एक, पिनचं आत जाणारं टोक पकडीने आकड्यासारखं वळवा, भोकात लिक्विड क्लेचा (पातळ, ओतता येणाऱ्या पॉलिमर क्लेचा) थेंब घाला आणि मग भाजा. दोन, भाजून झाल्यावर पिन ओढून पाहा, सैल असेल तर काढून ॲरल्डाइटसारख्या दोन भागांच्या इपॉक्सीत बुडवून परत बसवा. फेविक्विक लगेच धरतं पण ठिसूळ असतं, हेलकाव्यात तडकतं.

तरीही सगळ्यात भरवशाची पद्धत तिसरीच. मार्कर मण्यासारखा आरपार भोक पाडून भाजा. मग खालून हेड पिन (टोकाला चपटं डोकं असलेली तार) घाला, वर गोल नाकाच्या पकडीने फास करा आणि उरलेल्या तारेचे दोन-तीन वेढे फासाच्या मानेला घट्ट गुंडाळा. यात क्लेच्या पकडीवर काहीच अवलंबून राहत नाही. कापलेलं टोक मात्र चपट्या पकडीने आत दाबा. तेच टोक पुढे लोकर ओढतं.

आकारही साथ द्यायला हवा. केळ्याच्या फणीची टोकं, मिरचीचं शेपूट, वांग्याचे काटे हे सगळं दीड मिमीहून बारीक असेल तर पक्की भाजलेली क्लेही टिकत नाही. केळी एकमेकांना पूर्ण लांबीभर चिकटवा, नुसती देठाशी जोडू नका. सारंगखेड्याच्या बाजारातला घोडा हवा असेल तर चार पायांवर उभा करू नका, ३ मिमी जाडीच्या चपट्या पाटीवर उठावाचा करा. गोल तुकडे भाजताना एका बाजूने चपटे होऊ नयेत म्हणून खाण्याच्या सोड्याच्या थरात ठेवा, सोडा नंतर पाण्याने धुतला जातो.

मार्कर टिकतो, पण विणकाम बिघडवतो

सुयांवरच्या विणकामाला आणि क्रोशाला एकच मार्कर चालत नाही. गफलत इथूनच सुरू होते.

सुयांवर मार्कर दोन टाक्यांच्या मध्ये सुईवर अडकवलेला असतो. त्याला उघडण्याची गरज नाही, म्हणून बंद कडी उत्तम. साध्या जंप रिंगच्या, म्हणजे न झाळलेल्या तारेच्या कडीच्या, फटीत लोकरीचा तंतू अडकतो. सुट्या पिळाच्या आणि केसाळ लोकरीत तर प्रत्येक ओळीला. फट बोटाला लागत नसली तरी असते. ती तपासायला पातळ नायलॉन मोजा कडीवरून फिरवा, अडकला तर लोकरही अडकणार. जंप रिंग दोन पकडींनी उघडा, एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे. दोन्ही टोकं बाजूला ताणली की कडी कायमची वेडीवाकडी होते आणि फट पुन्हा बसत नाही. पक्की सोय हवी असेल तर सराफ बाजारातल्या कारागिराकडून तांब्याच्या किंवा चांदीच्या कड्यांचा सांधा झाळून घ्या, किंवा कडीऐवजी नायलॉनचं आवरण असलेली बारीक मण्यांची तार वापरा. ६-७ सेंमी तार, मार्करच्या फासातून ओवून वर २ मिमीचा क्रिम्प मणी (पकडीने चेपून तार धरणारा धातूचा मणी) दाबायचा. दाबण्याआधी टोकं मण्यात परत ओवून लपवा.

तारेला आणखी एक गुण आहे. जाड कडी दोन टाक्यांना दूर ढकलते, आणि ओळीगणिक त्याच जागी शिडीसारखी सैल रेघ उतरत जाते. विणणारीला वाटतं आपला हात सैल पडतोय. दोष कडीच्या जाडीचा असतो. कडीचा आतला व्यास सुईच्या जाडीपेक्षा २ ते ४ मिमी मोठा असावा. ४ मिमीच्या सुईला ६ ते ८ मिमीची कडी पुरते. फार मोठी कडी सुईवर लोळते आणि मार्कर टाक्याखाली घुसतो.

वजनही पाहा. सगळा मार्कर एक ते दोन ग्रॅमच्या आत, लांबी १५ मिमीपर्यंत. बारीक सूत आणि बाळाच्या लोकरीसाठी त्याहून हलका. आकार मोठाच हवा असेल तर आत फॉइलचा घट्ट गोळा ठेवून वरून २-३ मिमी क्लेचा थर द्या.

क्रोशात मार्कर टाक्याच्या आत घालायचा असतो आणि फेरी संपली की काढायचा असतो. तिथे बंद कडी अडकली तर कापूनच काढावी लागते. १२ मिमीचा लॉबस्टर हुक (गळ्यातल्या साखळीला असतो तसा उघडणारा आकडा) लोकरीच्या खांबांना ठीक. रुखवताचा रुमाल किंवा दाराचं तोरण बारीक सुताचं असेल तर हुकाने मुका खांब ताणला जातो आणि भोक दिसत राहतं. अशा कामाला २२ मिमीची नाशपातीच्या आकाराची सेफ्टी पिन घ्या आणि मार्कर तिच्या गोल भागात ओवा.

क्लेचा स्वतःचा खडबडीतपणा वॉटर पेपरने घालवता येतो. ४०० पासून सुरू करून ६००, मग १०००. नेहमी पाण्यात बुडवून, म्हणजे पीव्हीसीची धूळ श्वासात जात नाही. देठाच्या आणि पाकळ्यांच्या कडा भाजण्याआधीच बोटाने दाबून गोल केल्या तर हे काम निम्मं होतं.

पांढऱ्या लोकरीवर राखाडी डाग येत असतील तर ते क्लेचे नव्हेत. स्वस्त मुलाम्याची कडी घामाने काळी पडते, पावसाळ्यात गंजतेही. स्टेनलेस स्टीलच्या कड्या घ्या आणि स्वेटर धुण्याआधी, इस्त्री करण्याआधी सगळे मार्कर काढा. बाळंतविड्याचं टोपडं-मोजे देताना मार्कर मोजून काढा. सुरुवातीला किती लावले ते लिहून ठेवा. बाळाच्या तोंडात जाईल एवढाच त्यांचा आकार असतो.

महिन्याभराने चिकट झालेला मार्कर

हा दोष बहुतेक वेळा वरच्या लेपाचा. नेलपॉलिश आणि स्प्रे वार्निशमधलं सॉल्व्हंट क्लेतल्या प्लॅस्टिसायझरशी जुळत नाही. पहिल्या दिवशी चकचकीत दिसतं, तीन-चार आठवड्यांत पृष्ठभाग चिकटतो आणि लोकरीचे तंतू धरून बसतो. वार्निश पाण्यावर आधारित असावं. यूव्ही रेझिन लावत असाल तर दिव्याखाली दोन्ही बाजूंनी पूर्ण वेळ द्या, कडेला चिकट राहिलं तर ते अर्धवट घट्ट झालेलं आहे. आधीच चिकट झालेल्या मार्करवर नवा थर देऊ नका. इअरबडला ॲसिटोन लावून लेप पुसून काढा, ६०० च्या वॉटर पेपरने पाण्यात घासा, वाळवा, आणि तसाच वापरा. नीट भाजलेल्या पॉलिमर क्लेला वार्निशची गरज नसते. वरून रंग, अभ्रकाची पूड किंवा सोनेरी वर्ख लावला असेल तेवढ्यापुरताच लेप लावा.